यकृतरक्षक अमिनो आम्ले : मेथिओनीनपासून उष्माघातापर्यंतच्या संशोधनाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

अमिनो आम्लांची पूर्तता केल्यास यकृताचे रक्षण होते, ही समजूत आज इतकी रूढ झाली आहे की तिलाही एक इतिहास असेल, हे सहसा लक्षात येत नाही. औषधांच्या दुकानातील यकृताची टॉनिके, कोंबड्यांच्या उन्हाळी खाद्यात मिसळली जाणारी मेथिओनीन व बीटेन ही द्रव्ये आणि उष्णतेच्या ताणापासून यकृत वाचवू पाहणारे अलीकडील प्राणिप्रयोग, या सर्वांचे मूळ बव्हंशी १९३० च्या दशकातील मोजक्या प्रयोगशाळांत सापडते. प्रस्तुत लेखात या कल्पनेच्या वाटचालीचा आढावा घेतला आहे. जेथे विशिष्ट उणीव होती तेथे पूर्तता उपयोगी पडली. जेथे ती केवळ गृहीत धरली गेली तेथे निराशा पदरी आली, असे या वाटचालीत वारंवार दिसून येते.

कोलीन ते मेथिओनीन

प्रारंभ यकृताच्या नव्हे, तर मधुमेहाच्या संशोधनातून झाला. इन्सुलिनच्या शोधानंतर टोरांटो येथे स्वादुपिंड काढलेले कुत्रे इन्सुलिनवर जगविले जात असत. मांस व साखर एवढ्याच आहारावर ठेवलेले हे कुत्रे काही महिन्यांनी मरत आणि शवविच्छेदनात त्यांचे यकृत मेदाने भरलेले आढळे. कच्चे स्वादुपिंड खाऊ घातल्यास हा प्रकार टळतो, असे १९२४ पर्यंत स्पष्ट झाले. पुढे चार्ल्स बेस्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा गुण लेसिथिनमध्ये आणि १९३२ मध्ये लेसिथिनच्या कोलीन या घटकात असल्याचे दाखविले. बीटेनही त्याच कामाचे ठरले.

केसीनसारखी प्रथिनेही यकृतातील मेद कमी करतात, असे लवकरच निदर्शनास आले. प्रथिनांतील नेमका कोणता घटक हे काम करतो, याचा उलगडा १९३७ मध्ये टकर व एकस्टाइन यांनी केला. त्यांच्या प्रयोगांत मेथिओनीनमुळे उंदरांच्या यकृतातील मेद घटला, तर सिस्टीनमुळे तो उलट वाढला. दोन्ही गंधकयुक्त अमिनो आम्ले. परिणाम मात्र परस्परविरुद्ध. ‘अमिनो आम्ले यकृताला चांगली’ असे सरसकट विधान करणाऱ्यांनी या जुन्या निष्कर्षाकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. व्हिन्सेंट दू विन्यो यांनी जड हायड्रोजनची खूण लावून मेथिओनीनचा मिथिल गट शरीरात कोलीनकडे जातो, हे सिद्ध केले, तेव्हा या कोड्याची रासायनिक संगती लागली. मेथिओनीन मिथिल गट देऊ शकते, सिस्टीन देऊ शकत नाही.

युद्धकाळातील आशा आणि सेलेनियमचा धडा

लंडनमध्ये हिम्सवर्थ व ग्लिन यांनी १९४४ च्या सुमारास आहारातील उणिवेमुळे उंदरांत दोन निरनिराळे यकृतविकार उद्भवतात असे मांडले : मेदसंचयातून येणारा तंतुमयपणा आणि अचानक ओढवणारा व्यापक पेशीनाश. दुसऱ्या विकारात मेथिओनीन संरक्षक ठरले. काळ महायुद्धाचा होता आणि सैन्यात संसर्गजन्य काविळीने थैमान घातले होते. साहजिकच मेथिओनीन व सिस्टीन रुग्णांना देऊन पाहण्यात आले. तुलनात्मक चाचण्यांत उल्लेखनीय लाभ दिसला नाही. यात आश्चर्य वाटण्याचे कारण नव्हते. सैनिकांचे यकृत विषाणूने ग्रासले होते, गंधकाच्या अभावाने नव्हे.

याहून मोठा धक्का पुढे बसला. अमेरिकेत क्लाउस श्वार्ट्झ यांनी टोरुला यीस्टवर पोसलेल्या उंदरांत होणाऱ्या पेशीनाशापासून संरक्षण देणारा एक अज्ञात घटक १९५१ मध्ये ‘तिसरा घटक’ म्हणून नोंदविला. तो सेलेनियमयुक्त असल्याचे १९५७ मध्ये श्वार्ट्झ व फोल्ट्झ यांनी जाहीर केले. सिस्टीनच्या ज्या नमुन्यांना यकृतरक्षक मानले गेले होते, त्यांच्या यशाचे श्रेय बऱ्याच अंशी त्यांत अशुद्धी म्हणून राहिलेल्या सेलेनियमच्या अल्पांशाला होते! तोवर विषारी म्हणूनच ओळखले जाणारे मूलद्रव्य पोषक ठरले आणि एका अमिनो आम्लाची कीर्ती उसनी निघाली.

पॅरासिटामोल : एक निर्विवाद यश

अमिनो आम्लांच्या यकृतरक्षक गुणाला भक्कम आधार मिळाला तो वेगळ्याच क्षेत्रातून. पॅरासिटामोलच्या अतिमात्रेने यकृताचा पेशीनाश होतो, हे १९६६ मध्ये एडिनबरोच्या डॉक्टरांनी नोंदविले. १९७३ मध्ये अमेरिकेतील मिशेल, जोलो व सहकाऱ्यांनी त्याची यंत्रणा उकलली. या औषधापासून यकृतात तयार होणाऱ्या विषारी द्रव्याला ग्लुटाथायोन निष्प्रभ करते. ग्लुटाथायोनचा साठा संपला की ते द्रव्य पेशींवर घाला घालते. ग्लुटाथायोन हे ग्लुटामिक आम्ल, सिस्टीइन व ग्लायसीन यांचे बनलेले असते आणि त्यांपैकी सिस्टीइनचा तुटवडा निर्णायक ठरतो.

आता उणीव नेमकी कळली होती. मेथिओनीन तोंडावाटे देण्यात आले. लॉरी प्रेस्कॉट यांनी ॲसिटिलसिस्टीइन शिरेवाटे दिले. १९७९ मध्ये त्यांनी शंभर रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. दहा तासांच्या आत उपचार मिळालेल्या ६२ जणांपैकी केवळ एकाच्या यकृताला गंभीर इजा झाली. उशीर झालेल्यांत मात्र लाभ झपाट्याने घटला. तेच द्रव्य, तोच अवयव. फरक केवळ वेळेचा.

उष्णता व यकृत

उष्माघातात त्वचेकडील रक्तप्रवाह वाढतो व आतड्यांचा आणि यकृताचा घटतो. आतड्याचे अस्तर सच्छिद्र झाल्याने जिवाणूंची विषे थेट यकृताकडे येतात. जोहान्सबर्ग येथे क्यू व सहकाऱ्यांनी उष्माघात झालेल्या खाणकामगारांतील यकृताच्या इजेचे वर्णन १९७० मध्ये केले. दुसरीकडे इटलीत फेरुच्चिओ रितोस्सा यांना १९६२ मध्ये उष्णता दिलेल्या फळमाशीच्या गुणसूत्रांवर नवे फुगवटे दिसले होते. त्यातूनच पुढे पेशींना सावरणाऱ्या उष्माघात-प्रथिनांचा शोध लागला. ग्लुटामिन ही प्रथिने वाढविते, असे पॉल विशमेयर व सहकाऱ्यांनी १९९७ पासून दाखविले. २००६ मध्ये आगाऊ ग्लुटामिन दिलेले प्रयोगप्राणी तीव्र उष्णतेत अधिक प्रमाणात जगल्याचे प्रसिद्ध झाले आणि १९४५ ची आशा नव्या रूपात परतली.

कोंबड्यांच्या बाबतीत या आशेला व्यवहाराचा आधार आहे. त्यांना घर्मग्रंथी नसतात. उन्हात त्या धापा टाकतात व खाणे कमी करतात. मका-सोयाबीनच्या खाद्यात मेथिओनीन मुळातच सर्वांत आधी अपुरे पडते. त्यामुळे उन्हाळ्यात तेथे खरीखुरी उणीव निर्माण होते.

माणसांच्या बाबतीत चित्र निराळे आहे. कॅनडा, अमेरिका व युरोपमधील ४० अतिदक्षता विभागांतील १२२३ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. हे रुग्ण उष्माघाताचे नव्हते. अनेक अवयव निकामी होऊ लागलेले होते. ग्लुटामिन मिळालेल्यांत रुग्णालयातील मृत्यूचे प्रमाण ३७.२ टक्के, तर न मिळालेल्यांत ३१ टक्के होते. उष्माघाताने अत्यवस्थ झालेला रुग्णही बहुधा याच अवस्थेला पोहोचलेला असतो. त्याच्यासाठी मान्यताप्राप्त प्रथमोपचार शरीर त्वरेने थंड करणे हाच आहे. थंड पाण्यात बुडविणे किंवा अंगावर पाणी शिंपडून वारा घालणे या साध्या उपायांनी पहिल्या अर्ध्या तासात तापमान उतरले, तर यकृताची इजा मर्यादित राहण्याची शक्यता वाढते.