कानात सांगितलेले नाव : बाळाच्या पहिल्या वर्षाच्या अभ्यासाची कथा



आपल्या बाईंच्या स्मरणार्थ बोलण्याचा मान मला मिळाला, तेव्हा मराठीची निवृत्त प्राध्यापिका म्हणून मी संतवाङ्मयावर किंवा बडोद्याच्या मराठी परंपरेवर बोलेन, अशी आपली अपेक्षा असावी. मी विषय कळवला, तेव्हा कार्यवाहांनी दूरध्वनीवर दोनदा खात्री करून घेतली. तान्ह्या बाळाचे पहिले वर्ष हा विषय विद्वत्सभेचा नव्हे, बाळंतिणीच्या खोलीचा, असे त्यांना वाटले असल्यास त्यांचा दोष नाही. जगातील विद्वानांनाही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत बहुधा तसेच वाटत होते. हा विषय मी का निवडला, ते ओघाने येईलच.

आरंभ आपल्या भाषेपासूनच करते. बाळाच्या वाढीची पंचांगे मराठीने क्रियापदांत जपली आहेत. बाळ मान धरते, कुशीवर वळते, पालथे पडते, पोटावर सरकते, बसते होते, रांगते, धरून उभे राहते, पाऊल टाकते. मान धरणे हा प्रयोग मला विशेष प्रिय आहे. डोके आजवर दुसऱ्याच्या हाताचे होते, ते आता त्याने स्वतःच्या ताब्यात घेतले, असा त्यात भाव आहे. जोडीला सणही आहेत. बाराव्या दिवशी बारसे, सहाव्या-सातव्या महिन्यात उष्टावण (मुलाचे सम महिन्यात, मुलीचे विषम), पहिल्या संक्रांतीचे बोरन्हाण, आणि पुढे चालू लागण्याच्या सुमारास सुताराकडून आणलेला पांगुळगाडा. देवघरातील लंगडा बाळकृष्ण पाहा. एक हात भूमीवर, दुसऱ्या हातात लोण्याचा गोळा. रांगते मूल एक हात उचलून तोल कसा सांभाळते, हे त्या अनाम मूर्तिकाराने बारकाईने पाहिले होते.

शास्त्रानेही हे वय अगदीच दुर्लक्षिले नव्हते. नेपाळात सापडलेल्या हस्तलिखितावरून १९३८ साली मुंबईत छापलेली काश्यपसंहिता हा आयुर्वेदातील बालचिकित्सेचा मुख्य ग्रंथ. बाळाला सहाव्या महिन्यात फळांचा रस आणि धान्याचे अन्न दहाव्या महिन्याच्या सुमारास, असा क्रम त्यात सांगितल्याचे वैद्य मानतात. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस २००१ सालची आहे. यावरून 'आमच्याकडे सारे होतेच' असा निष्कर्ष काढण्याचा मोह मला नाही. ग्रंथांतरी काय होते आणि माजघरात काय चालले होते, या दोन गोष्टी निराळ्या असतात.

एकेका बाळाकडे रोज पाहून लिहून ठेवणे हा उद्योग मात्र अर्वाचीन. चार्ल्स डार्विनचा पहिला मुलगा विल्यम २७ डिसेंबर १८३९ रोजी जन्मला आणि पित्याने वही उघडली. सातव्या दिवशी त्याने कागदाचा तुकडा बाळाच्या तळपायाला लावून पाहिला, बाळाने पाय झटकन आखडून घेतला. पहिल्या पंधरवड्यात अचानक आवाज झाला की बाळ दचके. पण १२४ दिवसांचे झाले तरी आवाज कोठून आला हे त्याला सहजी उमगत नसे. ही वही सदतीस वर्षे तशीच पडून राहिली. पुढे हिप्पोलित तेन या फ्रेंच लेखकाने आपल्या मुलीच्या भाषाग्रहणावर लिहिलेल्या टिपणाचा अनुवाद 'माइंड' या त्रैमासिकात आला. तो वाचून डार्विनने जुनी वही काढली आणि १८७७ साली त्याच त्रैमासिकात आपला लेख दिला. मोठ्या माणसाची लहानशी कृती, पण पुढचे सारे शास्त्र तिच्या मागोमाग आले.

त्या लेखात मराठी माणसाने थबकावे असे एक वाक्य आहे. बरोबर एक वर्षाचा झाल्यावर विल्यमने अन्नासाठी स्वतःच एक शब्द घडवला आणि तो शब्द होता 'मम'. तो त्याला कशावरून सुचला, हे डार्विनला कळले नाही. आपल्याकडची कोणतीही आजी म्हणाली असती, त्यात न कळण्यासारखे काय आहे! आमची मुले मंमंच मागतात. रोमान याकोब्सन या भाषाशास्त्रज्ञाने १९६० साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात याची उपपत्ती दिली. तोंड स्तनाला लागलेले असताना बाळाला नाकावाटे तेवढा हुंकार काढता येतो. तोच अनुनासिक ध्वनी पुढे भुकेचा आणि आईचा होतो. १९६४ साली चार्ल्स फर्ग्युसनने सहा भाषांतील बाळबोलीचा तौलनिक अभ्यास मांडला, त्या सहांत अरबी, इंग्रजी, स्पॅनिश यांच्या पंक्तीला मराठी होती. त्याच वर्षी आपले अशोक केळकर यांनी मराठी बाळबोलीवर स्वतंत्र निबंध लिहिला. मी तो निबंध पदव्युत्तर वर्गाला शिकवू पाहिला, तेव्हा मुले हसली. प्राध्यापकबाई 'भूभू' आणि 'गाई-गाई' यांचे व्याकरण सांगतात, याची त्यांना मौज वाटली.

डार्विननंतर येना येथील विल्हेल्म प्रायरने आपल्या मुलाची दिवसातून तीनदा नोंद ठेवून १८८२ साली ग्रंथ लिहिला. परिश्रम अलौकिक, पण त्याचा एक निर्णय असा की, नवजात बालके सर्वच्या सर्व बहिरी असतात. हे मत पुढे पार ढासळले. गर्भावस्थेच्या अखेरच्या तिमाहीतच बाळ ऐकू लागते, आणि जन्मानंतर दोन-तीन दिवसांतच परक्या स्त्रीच्या आवाजापेक्षा आईच्या आवाजाकडे त्याचा ओढा असतो, हे १९८० साली प्रयोगाने सिद्ध झाले.

एका बाळाच्या वहीवरून सर्व बाळांविषयी बोलता येत नाही, हे उमगल्यावर अमेरिकेत मोजमापाचे युग आले. येल विद्यापीठात आर्नोल्ड गेझेलने १९११ साली चिकित्सालय काढले. पुढे घुमटाकार खोलीत कॅमेरे लावून त्याने बाळांची चलच्चित्रे घेतली आणि अमुक आठवड्यात अमुक कृती अशी कोष्टके बांधली. बर्कली येथे नॅन्सी बेलीने १९२८ पासून ६१ बालकांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला. तिच्या मापनश्रेणी १९६९ साली प्रसिद्ध झाल्या. गेझेलची बाळे एकाच नगरातील, बहुतांशी एकाच वंशाच्या मध्यमवर्गीय घरांतील होती. त्यांच्या कोष्टकावर जगभरची बाळे मोजली जाऊ लागली, ही त्या शास्त्राची कोती बाजू.

आणि येथे आपले बडोदे येते. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या गृहविज्ञान शाखेत डॉ. प्रमिला फाटक यांनी १९६० च्या दशकात याच शहरातील बाळांना बेलीच्या श्रेणी लावून पाहिल्या. पहिल्या महिन्यापासून तिसाव्या महिन्यापर्यंत. १९७० साली त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. भारतीय बाळाचे प्रमाण भारतीय बाळांवरूनच ठरावे, ही साधी गोष्ट कोणीतरी करायला हवी होती. त्यांच्या कसोटीत शारीरिक हालचालींचे ६७ आणि मानसिक विकासाचे १६३ घटक आहेत, आणि देशभरातील बालरोगतज्ज्ञ त्या प्रमाणांना 'बडोदा प्रमाणे' म्हणूनच ओळखतात. तिरुवनंतपुरम येथे याच प्रमाणांतून १७ घटकांचा छोटा तक्ता तयार झाला, तो आरोग्यसेविकेलाही काही मिनिटांत वापरता येतो. या शहरात जन्म घालवलेल्या किती मराठी माणसांना हे नाव ठाऊक आहे, याविषयी मला शंका आहे. आपण नाटककारांच्या पुण्यतिथ्या साजऱ्या करतो. ज्या स्त्रीने बाळे मोजली, तिची आठवण निघत नाही.

वजन-उंचीचे मी थोडक्यात सांगते, कारण ते आपल्या सर्वांना ठाऊक आहे. जन्मवेळचे वजन साधारण पाचव्या महिन्यापर्यंत दुप्पट आणि वर्षअखेर तिप्पट होते. लांबी ५० सेंटिमीटरवरून ७५ च्या आसपास जाते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात सहा देशांतील, आणि त्यांत आपल्या दिल्लीतील, बालके मोजून २००६ साली नवी मानके दिली. त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. निरोगी बाळ आठव्या महिन्यातही चालू लागते आणि सतराव्यातही, शेकडा चार मुले तर हात-गुडघ्यांवर रांगतच नाहीत. 'शेजारच्याचा चालू लागला, आमचा अजून नाही' म्हणून रडणाऱ्या सुनांना हा आकडा वाचून दाखवावा.

परंतु हा दिलासा सर्वच बाबतींत देता येत नाही, आणि माझ्या विषयाचे मूळ तेथेच आहे.

माझा धाकटा भाऊ १९५७ साली दांडिया बाजारातील आमच्या घरी जन्मला. मी सात वर्षांची होते. बाराव्या दिवशी पाळण्याभोवती बायका जमल्या, आत्याने त्याच्या कानात नाव सांगून 'कुर्र' केले, सगळ्यांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. त्याच दिवशी सोनाराने त्याचे कान टोचले. तिसऱ्या महिन्यात तो हुंकार देई, हसे. मान, पालथे पडणे, बसणे, सारे वेळेवर, चालला तर अकराव्या महिन्यातच. सातव्या-आठव्या महिन्यात इतर बाळे 'बाबाबा, दादादा' अशी अक्षरांची माळ ओवू लागतात. त्याचा हुंकार त्या सुमारास उलट मंदावला. आईला शंका आली. आजी म्हणाली, "अगं, याचे आजोबाही तीन वर्षांपर्यंत मुके होते, मग कोर्टात बोलायला थांबेनात." आईने आजीचे ऐकले. कानाच्या नावाचे आमच्याकडे दोन विधी झाले होते, नाव सांगण्याचा आणि टोचण्याचा. पण हे बाळ ऐकते का, असे विचारणारा एकही विधी नव्हता, आणि आपल्या क्रियापदांच्या त्या देखण्या मालिकेत या प्रश्नासाठी एखादे क्रियापदही नाही. बहिरे बाळ पहिले काही महिने ऐकणाऱ्या बाळासारखेच हुंकारते, हे आज सर्वमान्य आहे. ऐकणारी बाळे अकरा महिन्यांच्या आत अक्षरे जोडू लागतात, न ऐकणारी त्यानंतरच किंवा कधीच नाही, असे १९८८ सालच्या एका अमेरिकी अभ्यासाने दाखवले.

चौथे वर्ष सरता सरता भाऊ या शाळेच्या बालवर्गात आला. बाईंनी पहिल्या आठवड्यात त्याच्या पाठीमागे उभे राहून प्रार्थनेची पितळी झांज वाजवली. अकरा मुलांनी वळून पाहिले, त्याने पाहिले नाही. बाईंनी ती पुन्हा वाजवली, मग वर्ग दुसऱ्या शिक्षिकेकडे सोपवून त्या आमच्या घरी आल्या. ओटीवर वडील आणि माजघरात आजी, दोघांना ऐकू जाईल अशा बेताने त्या म्हणाल्या, "मुलगा हट्टी नाही, त्याला ऐकू येत नाही. आजच दाखवा." आजी पुढे वर्षभर बाईंशी बोलली नाही.

गेलेल्या चार वर्षांचे मोल काय, हे मला फार उशिरा, वाचनातून कळले. १९८४ साली जॅनेट वर्कर आणि तिच्या सहकाऱ्याने कॅनडात एक प्रयोग केला, तो आपल्या वर्णमालेवरचा आहे. इंग्रजी घरातील सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतील 'ट' आणि 'त' वेगळे ऐकू येतात. दहा-बारा महिन्यांचे होईतो तो भेद त्यांच्या हातून निसटू लागतो. हिंदी घरातील बाळांचा निसटत नाही. म्हणजे पहिल्या वर्षात बाळ तोंडाने बोलत नसले, तरी कानाने मातृभाषा निवडत असते. मूर्धन्य-दन्त्य मी पस्तीस वर्षे शिकवले, पण ते बाळाच्या कानात वर्षाच्या आतच ठरते, हे मला निवृत्तीच्या सुमारास समजले. १९९८ साली कोलोरॅडोतील अभ्यासाने दाखवले की, बहिरेपणाचे निदान सहा महिन्यांच्या आत होऊन उपाय सुरू झाले, तर अशा मुलांची भाषा पुष्कळ चांगली फुलते. माझ्या भावाचे निदान झाले, तेव्हा तो चार वर्षांचा होता. तो ओठ वाचायला शिकला, चित्रकलेत नाव काढले, छापखान्यात मांडणीकार झाला. त्याचे मराठी लिखाण मात्र अखेरपर्यंत विभक्तिप्रत्ययांपाशी अडखळे, आणि घरात मराठीची प्राध्यापिका असून मला त्यावर काही करता आले नाही.

बाईंची झांज लागली, त्याच दशकात विश्वामित्रीपलीकडे, आमच्या घरापासून चालत अर्ध्या तासाच्या आत, प्रमिलाबाई याच शहरातील बाळे तपासत होत्या. बाळ आवाजाकडे वळते का, हा त्यांच्या कसोटीतील एक प्रश्न होता. तो प्रश्न आमच्या ओटीपर्यंत यायला मात्र बाईच लागल्या. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश झाला आहे. पण किती प्रसूतिगृहांत नवजात बाळाच्या कानाची तपासणी नियमाने होते, हे आपण आपापल्या गावी विचारून पाहावे.

गेल्या वर्षी भावाला नात झाली. तिसऱ्या दिवशी परिचारिकेने झोपलेल्या बाळाच्या कानात बोंडाएवढी नळी बसवली, यंत्राकडे पाहिले, दुसऱ्या कानाला तेच केले. दोन्ही कान चांगले, असे तिने सांगितले, आणि ती पुढच्या पाळण्याकडे गेली. पुतण्याला बहीण नसल्याने बारशाला आत्याचा मान माझ्याकडे आला. मी वाकून नाव सांगितले आणि 'कुर्र' केले. पाळण्याच्या पलीकडे भाऊ उभा होता. तो माझ्या ओठांकडे पाहत होता. त्याने मला खूण केली, की नाव पुन्हा एकदा, जरा सावकाश सांग.