कुलुपातील पुस्तके आणि उघडे कपाट

ज्ञानाची महती सांगणारी वचने आपल्या समाजात कमी नाहीत. इस्लामच्या पहिल्या संदेशाची सुरुवातच वाचण्याच्या आज्ञेने झाली, हे आपल्या शाळेतील पहिलीचे मूलही सांगू शकते. पण त्याच मुलाला, "गेल्या महिन्यात तू पाठ्यपुस्तकाशिवाय कोणते पुस्तक वाचलेस?" असे विचारले तर ते बहुधा गप्प राहील. हा दोष त्या मुलाचा नव्हे. त्याच्या आणि पुस्तकाच्या मधे एक कुलूप आहे. या कुलुपाचा थोडा इतिहास सांगावा आणि ते कसे उघडता येईल याचा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पुस्तके बंदिस्त ठेवण्याची रीत जुनी आहे, आणि तिला एके काळी सबळ कारणही होते. छपाईपूर्वी एक ग्रंथ नकलून काढायला महिनेच्या महिने लागत. युरोपातील मठांत व विद्यापीठांत ग्रंथ लोखंडी साखळीने फळीला बांधून ठेवीत. आपल्याकडे दक्षिणेत बहमनी राज्याचा वजीर महमूद गवान याने इ. स. १४७२ च्या सुमारास बीदर येथे भव्य मदरसा बांधला. तेथे सुमारे तीन हजार हस्तलिखिते होती असे सांगतात. तेथे विद्यार्थी राहत व शिकत, म्हणजे तो ग्रंथसंग्रह वापरासाठी होता. विजापूरच्या आदिलशाही संग्रहाचे नशीब निराळे. राज्य गेले, वाचणारे गेले, आणि असार महालात उरलेले ग्रंथ अखेर १८५३ साली इंग्रजांनी लंडनला नेले. वाचणारा उरला नाही म्हणजे पुस्तक फार दिवस आपले राहत नाही, हा यातला धडा आहे.

महाराष्ट्रात सार्वजनिक वाचनालयांची परंपरा एकोणिसाव्या शतकात सुरू झाली. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ चे, पुण्याचे १८४८ चे, आणि आपल्या शेजारच्या कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे. ठाण्यात विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकाराने १८९३ साली मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले. मुंबईचे त्याच नावाचे संग्रहालय १८९८ चे. भिवंडीतही वाचन मंदिरासारखी जुनी संस्था आहे. परंतु ही सारी वाचनालये मुख्यतः लिहितावाचता येणाऱ्या, वर्गणी भरू शकणाऱ्या प्रौढांसाठी होती. मुलांचा विचार पुढे आला तो बडोद्यात.

बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. पुढे त्यांच्या लक्षात आले की, शाळा सोडल्यावर हाती पुस्तक नसेल तर शिकलेला मुलगा पुन्हा निरक्षर होतो. म्हणून १९१० साली त्यांनी अमेरिकेतून विल्यम बोर्डन या ग्रंथपालास बोलावले. मध्यवर्ती ग्रंथालय सुरू झाले, त्यात मुलांसाठी व स्त्रियांसाठी स्वतंत्र विभाग ठेवले गेले, आणि ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचे वर्गही निघाले. बोर्डन यांच्यामागून जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी हे काम पुढे चालविले.

या योजनेतील दोन गोष्टी आपल्या उपयोगाच्या आहेत. पहिली फिरत्या पेट्यांची. लाकडी पेटीत निवडक पुस्तके भरून ती गावोगाव पाठवीत. एका गावाचे वाचून झाले की पेटी बदलून मिळे. वाचकाला शुल्क नसे आणि वाहतुकीचा खर्चही सरकार सोशी. दुसरी गोष्ट पैशाची. गावाने वाचनालयासाठी जेवढी रक्कम जमवावी तेवढीच प्रांत पंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालावी असा नियम होता. लोकांनी काही दिले म्हणून ते वाचनालय लोकांचे झाले.

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. पुस्तके वापरासाठी असतात, हा त्यातील पहिला नियम होय. हे काय मोठे सांगितले, असे कोणाला वाटेल. पण साखळीबंद ग्रंथांचा इतिहास पाहिला म्हणजे, एवढी साधी गोष्ट मान्य होण्यास किती शतके लागली हे कळते.

आता एका गोष्टीचा मुद्दाम उल्लेख करतो, कारण आपल्या मुलांना ती सहसा सांगितली जात नाही. १९३९ साली बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई सरकारने ग्रंथालय विकासाची योजना आखण्यासाठी एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते आसफ अली असगर फैजी. फैजी यांचा जन्म १८९९ साली माथेरानला झाला. ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य आणि मुस्लिम कायद्याचे मोठे अभ्यासक. पुढे ते इजिप्तमध्ये भारताचे राजदूत व काश्मीरमध्ये कुलगुरू झाले. आपल्या संग्रहातील दुर्मिळ हस्तलिखिते त्यांनी मुंबई विद्यापीठाला देऊन टाकली. त्यांच्या समितीने १९४० साली दिलेल्या अहवालात मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयापासून विभाग, जिल्हा, तालुका आणि थेट खेड्यापर्यंत ग्रंथालयांची उतरंड सुचविली होती. मंत्रिमंडळाचा राजीनामा आणि महायुद्ध यांमुळे योजना लांबली, पण १९४६ नंतर तिच्या अंमलबजावणीस सुरुवात झाली. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ साली झाला, त्याच्या मागे या अहवालाचा पाया आहे. या प्रांतातील खेड्यापाड्यांत पुस्तके पोचविण्याचा आराखडा एका मुस्लिम विद्वानाने केला, याचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे. आणि अभिमानाबरोबर थोडी शरमही, कारण तो आराखडा आपल्याच शाळेच्या कपाटापर्यंत आपण आणला नाही.

सार्वजनिक ग्रंथालयाचा कायदा शाळेच्या कपाटाला लागू नाही. शाळांची स्थिती १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने स्पष्ट नोंदविली होती. बहुतेक शाळांतील पुस्तके जुनी, मुलांच्या आवडीचा विचार न करता घेतलेली आणि कोणा कारकुनाच्या वा नाखूश शिक्षकाच्या ताब्यात असतात, असा त्या आयोगाच्या म्हणण्याचा आशय आहे. १९८७ च्या खडू-फळा मोहिमेत प्राथमिक शाळांना पुस्तके मिळाली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे असे सांगितले. म्हणजे पुस्तके आली, कायदाही आला. कुलूप मात्र राहिले.

ते का राहिले याचे उत्तर माझ्या अनुभवात आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका शाळेत ग्रंथालयाचा चार्ज माझ्याकडे आला. चार्ज देणाऱ्या गुरुजींनी किल्ली हातात ठेवून एवढेच सांगितले, "पुस्तक हरवले तर पगारातून जाते, जपून राहा." मी जपून राहिलो. चौथीतील एक मुलगी रोज कपाटाच्या काचेला नाक लावून एका चित्रमय पुस्तकाकडे बघत असे. एके दिवशी तिने विचारले, "सर, हे घरी नेऊ? अम्मीला दाखवून उद्या आणते." मी नाही म्हणालो. वर्ष संपले, ती शाळा सोडून गेली. मी बदलून जाताना डेडस्टॉकची मोजणी झाली. एकही पुस्तक कमी भरले नाही आणि माझे कौतुक झाले. त्या चित्रमय पुस्तकाची पाने मात्र एकमेकांस चिकटून गेली होती. त्या कौतुकाची मला आजही लाज वाटते.

तेव्हा पहिली सुधारणा संस्थाचालकांनी व मुख्याध्यापकांनी करायची आहे. मुलांच्या हाती दिलेल्या पुस्तकांपैकी काही फाटणार, काही हरवणार, हे गृहीत धरून त्यांचे रीतसर निर्लेखन करावे. त्याचा भार एकट्या शिक्षकावर टाकू नये. हे भय गेल्याशिवाय पुढील एकही उपक्रम चालणार नाही.

यानंतरचे उपक्रम बिनखर्चाचे आहेत. बडोद्याच्या पेटीप्रमाणे प्रत्येक वर्गासाठी एक पेटी करावी, तीत वीस-पंचवीस पुस्तके घालावीत आणि महिन्याने पेट्या वर्गावर्गांत फिरवाव्यात. कपाट नसेल तर भिंतीलगत मुलांच्या हाताला येईल अशा उंचीवर दोरी बांधून पुस्तके उघडी टांगावीत. सुताच्या गावात दोरीला काय तोटा? मुखपृष्ठ समोर दिसले की मूल आपणहून पुस्तकाकडे जाते.

देण्याघेण्याची नोंद मुलांनीच करावी. तिसरी-चौथीतील दोन मुले दर आठवड्याला ग्रंथपाल नेमावीत. प्रत्येक मुलाचे एक कार्ड असावे व पुस्तकाचे नाव त्याने स्वतः उर्दूत आणि मराठीत लिहावे. यात लेखनाचा सराव होतो आणि जबाबदारीही कळते. आठवड्याच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी शेवटचा तास मोठ्याने वाचनाचा ठेवावा. शिक्षकाने गोष्ट रंगात आली की थांबावे आणि पुस्तक दोरीवर टांगून ठेवावे. पुढचे वाचायला मुले आपण होऊन येतील.

महिन्यातून एकदा पुस्तकांचा दवाखाना भरवावा. सायझिंगमध्ये ताण्याला खळ देतात, ती का देतात हे आपल्या मुलांना ठाऊक आहे. खळीने धागा टिकतो, तसेच खळीने पुस्तकाचे फाटलेले पानही टिकते. ज्या मुलाने आपल्या हाताने पान चिकटवले ते सहसा पान फाडत नाही.

पुस्तके निवडताना भाषेचा विचार हवा. आपली मुले घरी उर्दू वा कोकणी बोलतात आणि बाहेर मराठीशी त्यांची गाठ पडते. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयातील पुस्तके दोन्ही भाषांत निघाली आहेत. एकच गोष्ट दोन भाषांत शेजारी ठेवली की मूल एकीच्या आधाराने दुसरी वाचते. राष्ट्रपती झालेल्या डॉ. झाकिर हुसेन यांनी मुलांसाठी अब्बू खानच्या बकरीची गोष्ट लिहिली आणि जामियाने मुलांसाठी 'पयामे तालीम' चालविले. मराठीत 'किशोर' मासिक १९७१ पासून आहे. याखेरीज मुलांनी आपल्या आजीकडून ऐकलेल्या गोष्टी लिहून, चित्रे काढून, शिवून पुस्तके करावीत. या गावात कोकणातले आहेत, उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन विणकर आहेत, तेलंगणातले पद्मशाली आहेत. एवढ्या गोष्टी दुसऱ्या कोणत्या गावाला मिळतील?

पैशाचा प्रश्न बडोद्याच्या नियमाने सुटेल. पालकांनी जे थोडे जमवावे, तेवढेच माजी विद्यार्थ्यांनी आणि तेवढेच संस्थेने घालावे. लूमवर पाळी करणाऱ्या अब्बांनी दिलेले दहा रुपयेही पुस्तकाच्या पहिल्या पानावर नोंदवावेत, म्हणजे त्या घरातले मूल ते पुस्तक आपले म्हणून वाचेल.

संस्थेच्या वार्षिक अहवालात आपण ग्रंथालयातील पुस्तकांची संख्या छापतो. पुढील वर्षापासून त्याशेजारी आणखी दोन आकडे छापावेत, अशी माझी नम्र सूचना आहे: वर्षात किती पुस्तके मुलांच्या घरी गेली आणि किती वाचून वाचून फाटली. दुसरा आकडा शून्य असेल तर त्या शाळेच्या ग्रंथालयाची किल्ली कोणाकडे आहे, याची चौकशी अवश्य करावी.