तळटीप : ह्येचो या कोरियन भिक्षूविषयी
* मीरा-भाईंदरच्या उत्तरेस वसईची खाडी ओलांडल्यावर लागणाऱ्या सोपाऱ्याच्या वर्णनात ग्रंथकाराने ज्या कोरियन यात्रेकरूचा ओझरता निर्देश केला आहे, तो सिल्ला राज्यातील भिक्षू ह्येचो होय. समुद्रमार्गे हिंदुस्थानात येऊन आणि मुलुखगिरी नव्हे तर धर्मजिज्ञासा मनी धरून मध्य, दक्षिण व पश्चिम प्रांत हिंडून तो खुष्कीने इ. स. ७२७ मध्ये मध्य आशियातील कुचास पोहोचला. त्याच्या प्रवासवृत्ताची त्रुटित प्रत १९०८ साली पॉल पेलियो या फ्रेंच पंडितास चीनमधील तुन्‌ह्वाङच्या गुहेत सापडली. हिंदुस्थानात बेड्या, फटके वा तुरुंग नसून अपराधाच्या मानाने केवळ दंड वसूल होतो, ही त्याची नोंद नीतिशास्त्राच्या अभ्यासकांस मोलाची वाटेल. तथापि परक्या पाहुण्याची मुलकी कारभाराविषयीची अशी ग्वाही अन्य पुराव्याखेरीज शब्दशः स्वीकारू नये, असे आमचे मत आहे. उपलब्ध प्रतीत कान्हेरी वा सोपारा यांचे नावही नाही, म्हणून सोपाऱ्याच्या वर्णनातील ग्रंथकाराचा तो निर्देश अनुमान समजावा. सोपाऱ्याच्या धर्मसंबंधांचा निर्विवाद पुरावा वेगळाच आहे : १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना तेथे लाभलेला, अशोकाच्या धर्मयात्रेविषयीच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा. तो मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहे. — संपादक