मालमोटारीचा मेंदू

यंत्राला शक्ति देणें ही एक विद्या आहे आणि त्या शक्तीला लगाम घालणें ही दुसरी. पहिल्या विद्येचा गौरव पुष्कळ झाला. दुसरीकडे सामान्य सुशिक्षितांचें लक्ष फारसें गेलें नाहीं. घोडा कितीहि तेजस्वी असला तरी लगामावांचून तो स्वाराला खड्ड्यांतच नेणार. मालमोटारीचा इतिहासहि बराचसा या लगामाचाच इतिहास आहे. आणि लगाम कोणाच्या हातीं असावा, हा त्यांतला शेवटचा प्रश्न अजून मिटलेला नाहीं.

इ. स. 1788 मध्यें जेम्स वॅट यानें आपल्या वाफेच्या एंजिनाला ‘गव्हर्नर’ नांवाचें साधन जोडलें. ही कल्पना पवनचक्क्यांत आधींपासून वापरांत होती. फिरणाऱ्या दांड्याला दोन जड गोळे टांगलेले असत. वेग वाढला कीं गोळे बाहेर फेंकले जात आणि वाफेची झडप थोडी मिटे. वेग मंदावला कीं गोळे खालीं येत व झडप उघडे. एंजिन स्वतःच स्वतःला आवरूं लागलें. पुढें 1868 सालीं मॅक्सवेल या शास्त्रज्ञानें या साधनावर गणिती निबंध लिहिला आणि नियंत्रण हें स्वतंत्र शास्त्र होऊं शकतें हें दाखवून दिलें.

रूडॉल्फ डिझेल याचें एंजिन 1897 सालीं जर्मनींतील ऑग्सबर्ग येथें यशस्वी ठरलें. या एंजिनांत ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेंच तेल पेट घेतें. म्हणून प्रत्येक वेळीं किती तेल सोडावयाचें आणि नेमकें केव्हां सोडावयाचें, या दोनच गोष्टींवर सारा कारभार चालतो. 1927 सालीं बॉश कंपनीनें तेल सोडणारा पंप मोठ्या प्रमाणावर तयार करण्यास आरंभ केला, आणि डिझेलवर चालणाऱ्या मालमोटारींचा मार्ग मोकळा झाला. वॅटचे ते गोळे लहान वजनांच्या रूपानें या पंपाच्या पोटीं जाऊन बसले. वजनें सरकलीं कीं एक दांतेरी पट्टी सरके आणि तेलाचें माप बदले. कुशल मिस्त्री हें सर्व उघडून पाहूं शके. बोटांनीं चांचपून आणि कानानें ऐकून दोष सांगूं शके.

ही व्यवस्था पन्नासांहून अधिक वर्षें टिकली. ती ढासळली ती तिच्या दोषामुळें नव्हे, तर धुरामुळें. अमेरिकेंत 1970 सालीं शुद्ध हवेचा कडक कायदा झाला. पुढें मोठ्या डिझेल एंजिनांच्या काजळीवर मर्यादा आली. अश्वशक्ति-तासामागें 1988 सालीं 0.60 ग्रॅम, 1991 सालीं 0.25 ग्रॅम आणि 1994 सालीं 0.10 ग्रॅम, अशी ती उतरत गेली. एवढें सूक्ष्म माप लोखंडी वजनांना साधणारें नव्हतें. मिनिटाला 1800 फेरे घेणाऱ्या एंजिनांत फेऱ्याचा एक अंश म्हणजे सेकंदाचा सुमारें 10,800 वा भाग; आणि तेल सोडण्याची वेळ तर हवेच्या उष्णतेप्रमाणें, दाबाप्रमाणें आणि ओझ्याप्रमाणें बदलावी लागते.

हें काम विजेवर चालणाऱ्या गणकयंत्रानें पत्करलें. डेट्रॉइट डिझेलनें 1985 सालीं मोठ्या एंजिनासाठीं असें नियंत्रण बाजारांत आणलें, आणि 1987 सालच्या ‘सिरीज 60’ या एंजिनांत तें मूळ रचनेचाच भाग झालें. एंजिनाला बोल्टांनीं आवळलेली एक चपटी पेटी. तिच्याकडे उष्णता, दाब व वेग यांच्या वार्ता आणणाऱ्या तारा. आणि तिच्याकडून तेलाच्या झडपांना हुकूम नेणाऱ्या दुसऱ्या तारा. हाच मालमोटारीचा मेंदू.

परंतु मेंदू झाला तरी तो कांहीं अमर नव्हे. तापणाऱ्या आणि अखंड हादरणाऱ्या एंजिनावर त्याचा संसार. वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनीं आंतील डाकाचे सांधे तडकतात. जोडांत पाणी शिरून पितळी टोंकांना गंज चढतो. निष्काळजीपणानें जोडलेल्या बॅटरीचा वा वेल्डिंगचा विजेचा झटका नाजुक भागांना जाळतो. मग गाडी भर रस्त्यांत अकस्मात् बंद पडते आणि निवाल्यावर, कांहींच घडलें नाहीं अशा थाटांत, पुन्हां चालू होते. येथें कानाची विद्या थकते, कारण बिघाड आवाज करीत नाहीं.

म्हणून जाणत्या कारागिरांत एक दंडक रूढ झाला: मेंदूला दोष द्यावयाचा तो सर्वांत शेवटीं. आधीं बॅटरीचा दाब पाहावा, जमिनीची तार घासून घट्ट करावी, फ्यूज तपासावे. अनेक वार्ताहर साधनांना पांच व्होल्टचा एकच सामायिक पुरवठा असतो. त्यांतील एकाची तार कोठें घासून उघडी पडली तर सगळींच साधनें मुकीं होतात, आणि निरपराध पेटी आरोपी ठरते. महागडी पेटी बदलूनहि रोग कायम, असा प्रसंग मग मालकावर ओढवतो.

पेटी खरोखरच निकामी ठरली तरी नवी बसवून काम भागत नाहीं. नवी पेटी म्हणजे कोरी पाटी. तिच्यावर त्या एंजिनाची मापें, गाडीचा क्रमांक, झालेल्या धांवेची नोंद, आणि पुष्कळ एंजिनांत प्रत्येक तेल-झडपेचा स्वतंत्र संकेतांक उतरवावा लागतो. जुनी पेटी बोलत असेल तोंवरच तिच्यांतील नोंदी काढून घेणें शहाणपणाचें. आणि हें लिहिण्याची किल्ली कारखान्याच्या ताब्यांत! पाना हातांत आहे, भाग हातांत आहे, पण परवानगी दुसऱ्याच्या खिशांत, अशी कारागिराची स्थिति झाली.

यांतूनच दुरुस्तीच्या हक्काचा लढा उभा राहिला. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यांत 2012 सालीं मतदारांनीं कौल दिला कीं, मोटारदुरुस्तीची जी माहिती अधिकृत विक्रेत्यांना मिळते ती स्वतंत्र कारागिरालाहि वाजवी मोलानें मिळाली पाहिजे. 2015 सालीं अमेरिकेंत, वाहनाच्या मालकानें दुरुस्तीसाठीं त्यांतील आज्ञावलीचें कुलूप उघडणें हा ग्रंथस्वामित्वाचा भंग नव्हे, अशी सवलत मिळाली. 2018 सालीं ती मालकाच्या वतीनें काम करणाऱ्या कारागिरासहि लागू झाली.

कारखान्यांची बाजूहि अगदीं पोकळ नाहीं. कुलूप उघडें असलें तर कोणीहि धुराच्या मर्यादा गुंडाळून ठेवील, असें ते म्हणत. पण त्याच 2015 सालीं उघड झालें कीं, फोक्सवॅगननें जगभर सुमारें 1 कोटि 10 लाख गाड्यांच्या मेंदूंत परीक्षेपुरतें सभ्य वागण्याची लबाडी स्वतःच भरून ठेवली होती. कुलूप चोराला अडवितें तसें कधीं कधीं चोरी झांकूनहि ठेवतें, हा धडा त्यांतून मिळाला.

हिंदुस्थानांतहि हा प्रश्न आतां दूरचा राहिलेला नाहीं. 2017 च्या एप्रिलपासून देशभर भारत स्टेज चार आणि 2020 च्या एप्रिलपासून भारत स्टेज सहा हे नियम लागू झाले, आणि नव्या डिझेल मालमोटारीला हा मेंदू अटळ झाला. महामार्गाच्या कडेला झाडाखालीं बसणाऱ्या ज्या मिस्त्रीनें पिढ्यान्‌पिढ्या अडलेल्या गाड्या मार्गी लावल्या, त्याच्या कानांतलें ज्ञान आतां अपुरें पडत आहे. तो अडाणी झाला असें नव्हे. ग्रंथाची लिपि बदलली, इतकेंच. ती लिपि त्याला शिकविण्याची सोय झाली तर हवा स्वच्छ राहील आणि हुन्नरहि जगेल. वॅटचे गोळे कोणालाहि दिसत होते, म्हणून त्यांच्यावर सर्वांचा विश्वास होता. जो लगाम दिसत नाहीं त्याच्यावर विश्वास बसावा असें वाटत असेल, तर तो पारखण्याचा अधिकार पारख्याला दिलाच पाहिजे.