रक्तात भटकणाऱ्या कर्कपेशींचा शोध

१८६९ मध्ये ऑस्ट्रेलियातील वैद्य टॉमस अ‍ॅशवर्थ यांना कर्करोगाने मृत्यू पावलेल्या एका रुग्णाच्या रक्तात, त्याच्या गाठींतल्यासारख्याच पेशी सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या. मूळ गाठीपासून सुटलेल्या अशा पेशी दूरच्या अवयवांत रुजू शकतात. अडचण त्यांच्या विरळपणाची. एक मिलिलिटर रक्तात सुमारे ५०० कोटी तांबड्या पेशी असतात. कर्कपेशी बहुधा बोटांवर मोजण्याइतक्याच.

२००४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या ‘सेलसर्च’ पद्धतीत ७.५ मिलिलिटर रक्तात लोहकण जोडलेली प्रतिपिंडे मिसळतात. ती कर्कपेशींवरील ‘एपकॅम’ या प्रथिनाला चिकटतात आणि चुंबक त्या पेशी बाजूला ओढतो. जिच्यात केराटिन आहे आणि पांढऱ्या पेशींची ‘सीडी४५’ ही खूण नाही, तीच मोजली जाते. शरीरात पसरलेल्या स्तनकर्करोगात अशा ५ किंवा अधिक पेशी हे प्रतिकूल लक्षण मानतात. मात्र काही पेशी एपकॅमच टाकून देतात व चुंबकाला चकवतात. त्यांच्यासाठी आकारानुसार गाळणी वापरतात. पण तीत मोठ्या पांढऱ्या पेशीही अडकतात.

मोजणी उपचारांना किती उपयोगी, हा प्रश्न वेगळा. पहिल्या केमोथेरपीनंतरही पेशींची संख्या घटली नाही म्हणून औषध लवकर बदलले, तरी रुग्णांचे आयुष्य वाढले नाही, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत आढळले.