तळटीप १२ : अचकन-साफा

१२. अचकन-साफा : अजमेरच्या मेयो कॉलेजचा समारंभाचा पोशाख. नाव कॉलेजचे असले तरी ही मुलांची निवासी शाळा. संस्थानिकांच्या मुलांसाठी १८७५मध्ये सुरू झालेली. १८७२मध्ये अंदमानात ज्यांचा खून झाला, ते व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांचे नाव तिला दिले आहे. पहिले विद्यार्थी अलवरचे मंगलसिंह. अचकन म्हणजे बंद गळ्याचा, गुडघ्यापर्यंत येणारा, समोर गुंड्या लावायचा अंगरखा. साफा हा आपल्या फेट्याचाच भाऊबंद : जेमतेम मीटरभर रुंद, आठ-नऊ मीटर लांब कापड. बांधण्याआधी दोघांनी दोन टोके ताणून धरून त्याची उभी घडी घालावी लागते. शास्त्री नगरच्या गच्चीवर धाकट्या भावाला ‘टोक सोडू नकोस’ म्हणून जो दम मिळतो, तो यासाठी. लेखकाने पुढे दोन ठिकाणी याच वस्तूला ‘पगडी’ म्हटले आहे. ते तसेच ठेवले. मात्र राजस्थानी पगडी साफ्याहून अरुंद आणि बरीच लांब असते, आणि पुणेरी पगडीसारखी तयार उचलून डोक्यावर ठेवता येत नाही. — संपा.