ऊद, लोबान आणि सांब्राणी : हैदराबादच्या मराठी घरांतील सुगंधद्रव्यांची पारख

हैदराबादच्या जुन्या मराठी घरांत दिवेलागणीला 'ऊद घालण्या'ची रीत होती आणि काही घरांत ती अजून टिकून आहे. निखाऱ्यावर जी भुकटी टाकली जाई तिला घरातील बायका ऊद म्हणत. तीच भुकटी शेजारच्या मुसलमान घरात लोबान होती आणि मागच्या अंगणातील तेलुगू कुटुंबात सांब्राणी. एका वस्तूला तीन नावे असण्यात नवल नाही. पेच पुढेच आहे. हीच मराठी बाई चारकमानीजवळच्या अत्ताराकडे गेली आणि तिने "ऊद द्या" म्हटले, तर तो तिच्यापुढे लोबान ठेवणार नाही. तो काळसर लाकडाची एक लहानशी ढलपी ठेवील आणि तिची किंमत ऐकून बाई पदर सावरून परत फिरेल.

दोष अत्ताराचा नाही, बाईचाही नाही. दोन शब्द आपापल्या जागेवरून सरकले आहेत, एवढेच. अरबीत ऊद म्हणजे लाकूड, आणि सुगंधाच्या संदर्भात अगरूचे लाकूड. लुबान म्हणजे अरबस्तान आणि सोमालियाच्या बाजूस होणारा एका झाडाचा डिंक, आपल्या कुंदुरूचा भाऊबंद. पुढे अरब व्यापाऱ्यांना सुमात्रा बेटावर निराळ्याच एका झाडाची सुवासिक राळ मिळाली. तिला त्यांनी 'लुबान जावी', म्हणजे जाव्याकडचा लुबान, असे नाव दिले. हिंदुस्थानात यातील 'जावी' गळून गेले आणि सुमात्राची राळच लोबान ठरली. युरोपात याच जोडनावाची मोडतोड होऊन 'बेंझॉइन' झाले आणि त्यातूनच पुढे रसायनशास्त्रातील बेंझिनचे नाव निघाले. देवघरातील धुराचा आणि खनिज तेलाचा असा हा भाषिक सोयरसंबंध आहे! मराठीने मात्र निराळीच वाट धरली. तिने महागड्या लाकडाचे 'ऊद' हे नाव स्वस्त राळेला देऊन टाकले आणि लाकडासाठी अगरू, कृष्णागरू हे आपले जुने शब्द ठेवले. 'उदबत्ती' हा शब्दही याच व्यवहारातला.

गुग्गुळाच्या बाबतीत तर याहून मोठी फसगत होते. मराठी माणसाचा गुग्गुळ हा राजस्थान आणि गुजरातच्या कोरड्या प्रदेशातील काटेरी झुडपाचा डिंक होय. तेलुगूत 'गुग्गिलम्' म्हणून जे मिळते ती सालवृक्षाची राळ. आपल्या गुग्गुळाला तेलुगू वाणी 'महिसाक्षी' म्हणतो, आणि तो शब्द संस्कृतातील 'महिषाक्ष' गुग्गुळाचाच आहे. म्हणजे एका अर्थी जुने नाव तेलुगूनेच नीट जपले, असे म्हणावे लागेल. राळ वाईट नसते. तिचा धूर दाट होतो आणि डास पळतात. परंतु वैद्याने सांगितलेला धूप आणि डास घालविण्याचा धूर या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

प्रस्तुत लेखकाची नोकरी राज्य शासनाच्या विक्रीकराच्या कामात गेली. बेगमबाजारच्या किराणा आणि जडीबुटीच्या पेढ्यांचे दप्तर पाहण्याचा योग त्यामुळे अनेकदा आला. (हा बाजार ज्या जमिनीवर वसला ती निजाम अली खानाच्या बेगमेने व्यापाऱ्यांना दिली, अशी त्या नावाची हकीकत सांगतात.) तेथील एका वृद्ध मुनिमाची वही मला कायमची लक्षात राहिली. एकाच पोत्यातील माल तो गिऱ्हाईक पाहून तीन नावांनी मांडीत असे आणि वर्षअखेर तिन्ही रकमा एका ओळीत आणून बेरीज अचूक जुळवीत असे. शब्दकोश लिहिणाऱ्यांनी अशा वह्या पाहिल्या असत्या तर बरे झाले असते.

आता थोडे मागे जाऊ. सुगंधाची हौस दक्षिणेत इराणी आणि मोगल मंडळींनी आणली, हे विधान आपल्याकडील पुष्कळ चांगल्या माणसांच्या तोंडून मी ऐकले आहे. ते खरे नाही, आणि ते खोडून काढणारा पुरावा आपल्या जुन्या हैदराबाद राज्याच्या हद्दीतलाच आहे. बीदर जिल्ह्यातील कल्याणी, आजचे बसवकल्याण, ही चालुक्यांची राजधानी. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याने इसवी सनाच्या बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात, हा त्यातील उल्लेख मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना ठाऊकच आहे. त्याच ग्रंथात राजाच्या उपभोगांचे वर्णन करताना धूपाचा स्वतंत्र विचार केला असून धूप तीन रूपांत सांगितला आहे : चूर्ण, पिंड आणि वर्ती. वर्ती म्हणजे वात, अर्थात बत्ती. तेव्हा बत्तीच्या रूपातील धूप कल्याणीच्या दरबारात चारमिनार उभा राहण्यापूर्वी सुमारे साडेचारशे वर्षे ठाऊक होता.

याहूनही आपल्या जिव्हाळ्याचा पुरावा पुण्यात उजेडात आला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे यांनी गंगाधर नावाच्या ग्रंथकाराचा 'गंधसार' आणि अज्ञात कर्त्याचा 'गंधवाद' या दोन ग्रंथांचे हस्तलिखित १९४० नंतरच्या दशकात विद्वानांच्या नजरेस आणले. पुढे १९८९ साली बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने ते छापले. यातील 'गंधवादा'वर टीका आहे, आणि ती मराठीत आहे. सुगंधी द्रव्ये तयार करण्याच्या शास्त्रावर कोणाला तरी मराठीत समजावून सांगण्याची गरज वाटली, म्हणजे तो व्यवसाय करणारी मराठी माणसे होती. राजवाड्यातील नुसत्या हौसेसाठी कोणी देशी भाषेत टीका लिहीत नाही.

'गंधसारा'त भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन अशा सहा क्रिया सांगितल्या आहेत. परंतु आजच्या वाचकाला त्यापेक्षाही महत्त्वाचा वाटावा असा भाग म्हणजे द्रव्यांची परीक्षा. कृती कितीही उत्तम असली तरी माल खोटा असेल तर सारे व्यर्थ, हे त्या मंडळींना पक्के ठाऊक होते. अगरूची जुनी कसोटी सर्वश्रुत आहे : चांगला तुकडा पाण्यात बुडतो, हलका तरंगतो. अकबराच्या दरबारातील 'आइने अकबरी'तही हीच कसोटी येते. बुडणारा तो 'गर्की' आणि अर्धवट बुडणारा तो 'नीम-गर्की', अशी नावेच तेथे आहेत. संस्कृत पंडित आणि फारसी मुन्शी यांनी एकमेकांचे ग्रंथ वाचले असोत वा नसोत, दोघांच्याही पुढे पाण्याचा कटोरा तोच होता.

विजापुरात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळी (१५८०-१६२७) 'इत्रे नौरसशाही' हा फारसी ग्रंथ निजामुद्दीन महमूद याने सुगंधांवर लिहिला. नौरस हा त्या सुलतानाचा आवडता शब्द. गाण्याचे पुस्तक, नवे नगर, सारे काही नौरस. सुगंधाच्या पुस्तकाला तेच नाव मिळाले यावरून दरबारात या कलेला कोणते स्थान होते ते कळते. कल्याणीचे शास्त्र आणि विजापूरची विद्या यांचे अंतर आपण शतकांत मोजतो. नकाशावर पाहिले तर ते काही दिवसांच्या बैलगाडीच्या वाटेइतके आहे.

गोवळकोंड्याच्या कुतुबशहांनी १५९१ साली हैदराबाद वसवले आणि त्यानंतर लवकरच बादशाही आशूरखाना बांधला. अब्दुल्ला कुतुबशहाच्या काळी तेथील भिंतींतील कोनाड्यांच्या दहा रांगांतून मोहरमच्या पहिल्या दहा रात्री रोज एक एक हजार दिवे वाढवीत दहा हजारांपर्यंत नेत, असे तत्कालीन बखरकाराने नोंदवले आहे. अलमांपुढे ऊद आणि लोबान जाळण्याची चाल या शहरात सर्वांची होती. शालीबंडा, हुसेनीआलम या भागांतील आपल्या जुन्या घरांतूनही अलमांना ऊद पाठविला जाई, हे या पत्रिकेच्या वयस्क वाचकांना सांगण्याची गरज नाही. तेथे पाठवायचा तो ऊद कोणता, राळेचा की लाकडाचा, हा प्रश्न मात्र ऐपतीने सोडवला जाई.

मेणबत्तीची कथा निराळी आहे. मेण आपल्याला फार प्राचीन काळापासून परिचित. 'मदन' या संस्कृत शब्दाचे प्राकृतात 'मयण' आणि मराठीत 'मेण' झाले. 'मानसोल्लासा'त मेणाचा साचा करून धातूच्या मूर्ती ओतण्याची कृती आहे. मेणाचा दिवा मात्र आपल्या देवघरात कधी आला नाही. देवापुढे समई, आणि तिच्यात तेल किंवा तूप. शमादान, फानूस, हंड्या, झुंबरे हा सारा थाट दिवाणखान्याचा. रायरायांसारख्या दफ्तरदार घराण्यांचा दरबाराशी जो संबंध होता त्यातून हा थाट काही मराठी वाड्यांतही शिरला, परंतु उंबरठ्याच्या आत सोवळ्यापर्यंत गेला नाही. यामागे कारण होते आणि ते खुळचट नव्हते. मधमाश्यांचे मेण महाग, म्हणून स्वस्त बत्त्या चरबीच्या असत. बाहेरून दोन्ही पांढुरक्याच. पुढे युरोपात चरबीपासून निघणाऱ्या स्टिअरिनच्या टणक बत्त्या झाल्या. १८५० साली जेम्स यंग याने दगडी कोळशापासून पॅराफिन काढण्याचे पेटंट घेतले आणि त्यानंतर खनिज मेणाचे युग आले. आसामातील दिग्बोईचा तेलशुद्धीकरण कारखाना १९०१ साली सुरू झाला आणि तेथील मेण नामांकित ठरले. चरबीची शंका अशा रीतीने पॅराफिनने दूर केली. पण तोपर्यंत विजेचे दिवस जवळ आले होते. चौमहल्ला राजवाड्यातील खिलवत मुबारक दालनात आज एकोणीस झुंबरे पाहावयास मिळतात, त्यांत मेणबत्ती जळत नाही.

हैदराबादच्या हवेत मेणाची निवड हा काही फुरसतीचा विषय नव्हता. मधमाश्यांचे मेण सुमारे ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते. मऊ प्रतीचे पॅराफिन ५० अंशांच्या आसपासच पाघळते. एप्रिल-मे महिन्यांत ऊन ४० अंशांच्या वर जाते तेव्हा मऊ मेणाची उंच बत्ती न पेटवताही मान टाकते. अलीकडे घराघरांतून सुगंधी मेणबत्त्या करण्याची जी हौस आली आहे, तिच्यात सोयाबीनचे मेण वापरतात. ते याहूनही मऊ असते, म्हणून ते काचेच्या पेल्यात ओतून ठेवणेच योग्य.

या नव्या हौसेबद्दल माझे मत अनुकूल आहे. नामपल्लीच्या नुमाइशीत किंवा वसाहतीच्या दिवाळी विक्रीत आपल्या सुना-नाती आपण केलेल्या बत्त्या मांडतात, ही चांगली गोष्ट आहे. माझी तक्रार एकच. 'ऊद' असे सुरेख अक्षरांत लिहिलेल्या बत्तीत राळ नसते आणि लाकूडही नसते. प्रयोगशाळेत बनवलेले तेल असते. ते असण्याला हरकत नाही. खऱ्या अगरूची झाडे इतकी तोडली गेली की १९९५ साली त्यांपैकी प्रमुख जातीच्या, आणि २००५ पासून त्या कुळातील बाकीच्या जातींच्याही, आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. कस्तुरी १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद झाली, ते योग्यच झाले. गुग्गुळाचे झुडूपही आता अतिसंकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत आहे, कारण अधिक डिंकाच्या लोभाने त्याला खोल घाव घालतात आणि ते मरून जाते. पूर्वी खोटा माल हा पाकिटाचा प्रश्न होता. आता खरा माल हा रानाचा प्रश्न झाला आहे. म्हणून तेल कृत्रिम असेल तर तसे वेष्टनावर लिहावे, आणि खरे द्रव्य हवे असेल तर थोडे घ्यावे पण ओळखून घ्यावे.

ओळखण्याच्या रीती आमच्या आजीच्या पिढीला मुखोद्गत होत्या. कापूर स्वच्छ बशीत जाळावा. काही उरता कामा नये, उरले तर त्यात मेण किंवा आणखी काही मिसळले आहे. 'भीमसेनी' या नावावर विसंबू नये. मूळ भीमसेनी कापूर बोर्निओ-सुमात्रा भागातील एका उंच वृक्षाच्या लाकडात सापडतो, आणि आज त्या नावाने मिळणारा बहुतेक माल साध्या कापराचेच मोठे खडे असतात. वाळा घेताना मुळी मोडून, किंचित ओली करून हुंगावी. अर्क काढून घेतलेला वाळा दिसतो तसाच, पण ओला झाल्यावर नुसता गवताचा वास येतो. नागरमोथा, गवला, कचोरा ही उटण्याची मंडळी अख्खी घ्यावीत आणि घरी कुटावीत, कारण भुकटीत काय आहे हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

राहिला ऊद. बेगमबाजारात "ऊद" न म्हणता "कौडिया लोबान" म्हणावे, किंवा तेलुगू दुकानात सांब्राणी मागावी. खडा फोडून पाहावा. तपकिरी अंगात बदामासारखे पांढरे दाणे जितके अधिक तितका तो चांगला. दुकानदाराकडे निखारा असतोच. त्यावर कणभर टाकावा. धूर पांढरा आणि वास गोडसर असेल तर तो लोबान. काळपट धूर आणि टर्पेंटाइनसारखा उग्र वास आला तर ती राळ आहे, आणि राळेचा भाव लोबानाच्या मानाने पुष्कळच कमी असतो.